चुलीवरची गळती

४ सप्टेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे नेत्राने ठरवलं. परवा रामनगरच्या बाजारात मी सिमेंटवाल्याला जे बोललो ते माझ्याआधी तिच्या माहेरी पोहोचलं. ती म्हणाली, तोंडात येतं ते आधी कागदावर काढा आणि मग बाजारात जा. बायको शहाणी आहे, पण हे तिला कळू द्यायचं नाही.

आणि पहिल्याच दिवशी लिहिण्यासारखं घडलं. महाबळेश्वर सावकाराचा मुलगा प्रज्योत जीप घेऊन गुंदला, आमच्या दारात आला. बंगळूरची नोकरी सोडून तो नंदिगड्डेकडच्या त्यांच्या घराचं होमस्टे करतोय. मागच्या वर्षी स्वयंपाकघराची कौलं उतरवून त्याने शाळेच्या पाटीसारख्या काळ्या दगडाचं छप्पर घातलं. हिमाचलात बघून आला होता म्हणे. ते भिंतीशी गळतंय. दसऱ्याला पहिले पाहुणे यायचेत आणि छपराच्या कामात तालुक्यात माझ्याशिवाय कुणाचं नाव घेतलं जात नाही, असं म्हणाला. खरंच आहे ते.

त्या पोराला बहुतेक ठाऊक नाही की ते स्वयंपाकघराचं छप्पर माझ्या बाने घातलं होतं. मी दुसरीत होतो. पहिल्याच पावसाळ्यात ते गळलं आणि सावकार भर बाजारात म्हणाला की लखूच्या हाती छप्पर देऊ नका, गोठ्याचंसुद्धा देऊ नका. एवढं पुरलं. तालुक्यातला पहिल्या नंबरचा कौलं शाकारणारा माणूस, तो पुन्हा कुणाच्या शिडीवर चढला नाही. दुसऱ्यांच्या सुपारीच्या बागेत गवत काढत राहिला आणि घरी बसून टोपल्या विणत राहिला. त्याच वर्षी आई गेली होती, शेत साफ करताना फुरसं चावून. बा तेव्हा कुठल्याशा छपरावर होता आणि सांगावा वेळेवर पोहोचला नाही. एका वर्षात बायको गेली आणि हातचं काम गेलं. मी छपरं शिकलो ती हट्टाने, तीही खानापूरकडच्या मिस्त्रीकडे. बाने मला हातोडीसुद्धा धरायला शिकवलं नाही.

प्रज्योतला म्हटलं, येतो. तो खूश झाला. मी त्याच्याहून खूश होतो.

५ सप्टेंबर

जाऊन बघून आलो.

सावकार पडवीत बसला होता, हातात काठी, अंगात काही उरलेलं नाही. मला बघून म्हणाला, लखूचा तू? मी म्हटलं, व्हय. मग तो सुपारीच्या झाडांकडे बघत बसला. लाज वाटली असेल तर बरंच झालं.

मोठ्या घराची भिंत जांभ्या चिऱ्यांची आहे, जुनी आणि जाड. तिला टेकून खालच्या अंगाला स्वयंपाकघराचं उतरतं छप्पर. भिंत वर चढत जाते, छप्पर तिच्या कमरेशी येऊन भिडतं. गळती नेहमी अशाच सांध्यात असते. बेळगावकडच्या कॉन्ट्रॅक्टरने दगडी पाट्या मात्र छान बसवल्यात, एकीवर एक, हात फिरवावा अशा. सांध्याला नुसतं सिमेंट थापलंय. त्याला भेगा पडणारच.

मी माझ्या पद्धतीने बघितलं. घागर घेऊन वर चढलो आणि सावकाराच्या बायकोला, येसूअक्काला, आत चुलीशी उभं केलं. आधी फक्त पाट्यांवर ओतलं. आतून आवाज नाही. मग सांध्यावर ओतलं. जरा ओल आली म्हणाली, थेंब नाही. मग भिंतीवर, सांध्याच्या वर हातभर अंतरावर ओतलं. लगेच आतून आवाज आला, आलं. तिने पातेलं सरकवल्याचा आवाजही आला. ते पातेलं वर्षानुवर्षं तिथेच असावं, खाली उतरून बघितलं तर त्याच्या बुडाचा गोल जमिनीवर उमटलाय.

म्हणजे पाणी छपरातून येतच नाही. भिंतीतून येतं. बाची कौलं गेली, नवा दगड आला, तरी त्याच जागी गळतंय. बाचा काय संबंध? सिमेंट उकरावं लागेल एवढंच सांगितलं आणि निघालो. इतकी वर्षं गळलंय, अजून थोडं गळू दे.

येसूअक्काने बासाठी कोकमाची सोलं बांधून दिली. लखूदादा नीट जेवतो काय, असं विचारत होती. नवऱ्याने माणसाचं काम तोडायचं आणि बायकोने त्याला आमसुलं पाठवायची.

६ सप्टेंबर

बाला सांगितलं. तो अंगणात टोपलीसाठी बांबू तोडत होता. बाचा बांबू कुणीही ओळखतो. पेराच्या खाली, दोन्ही बाजूंनी एकेक तिरका घाव, टोक माशाच्या तोंडासारखं. लोक करवतीने कापतात, बा कोयत्याने, आणि घाव कधी तीन होत नाहीत.

मी म्हटलं, बा, सावकाराचं छप्पर नवं केलंय तरी गळतंय. त्याचा कोयता थांबला.

"चुलीवरच?" त्याने विचारलं.

मी कुठे गळतं ते सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं झाली तरी माणूस आपलं काम विसरत नाही. मी म्हटलं, व्हय, पण भिंतीतनं येतंय, तुझ्या कौलातनं न्हाई. तुझा काय दोष न्हाई, मी सिद्ध करतो. तो म्हणाला, ते काम सोड. एवढंच म्हणाला आणि आत गेला. सावकाराच्या एका वाक्याने माणसाचा कणा किती वाकवलाय, ते आज बघितलं. सोलं तशीच ओसरीवर पडून आहेत.

९ सप्टेंबर

पाऊस उघडत नाही, काम नाही. पडल्या पडल्या सावकाराचं काय करायचं याचा विचार करतोय. पहिला विचार असा की वरवर काम करायचं आणि दसऱ्याला पाहुण्यांच्या ताटात गळू द्यायचं. गोड विचार आहे, पण त्यात माझंच नाव जातं. दुसरा विचार जास्त चांगला. गळती कुणाची ते शोधायचं, सगळ्यांसमोर मांडायचं आणि त्याच बाजारात त्याच सावकाराला शब्द गिळायला लावायचा. काठी टेकत यावं त्याने. मी मिरचीवाल्याशेजारी उभा राहून बघेन.

नेत्राला सांगितलं. ती म्हणाली, छप्पर नीट करा आणि गप बसा. बायकांना यातलं कळत नाही.

१२ सप्टेंबर

आज भिंत उघडली. राग अजून उतरलेला नाही.

सिमेंट उकरलं, त्याच्या वरचा जुना चुना उकरला. दोन चिऱ्यांच्या मधोमध बांबू निघाला. परांची बांधताना भिंतीत बांबू खोचतात आणि काम झालं की काढून भोक बुजवतात, तसं काहीतरी असेल असं आधी वाटलं. पण हा तसा नव्हता. पूर्ण नळी होती. आतली सगळी पेरं फोडून साफ केलेली, बाहेरचं तोंड छपराच्या जरा वर, आतलं छपराच्या जरा खाली. वरून चुन्याची छोटी कड अशी काढलेली की भिंतीवरून ओघळणारं पाणी बरोबर नळीत शिरावं आणि आत चुलीवर पडावं. एवढ्या सफाईने कुणी गळती बांधलेली मी उभ्या जन्मात बघितली नव्हती.

विचार करून माझ्या लक्षात आलं. त्या वर्षी त्यांच्या घरात करंट आला. वायर आत घ्यायला वायरमनने नळी घातली असणार, मग वायर दुसरीकडून नेली आणि ही तशीच सोडली. सावकाराने न बघता खापर बाच्या डोक्यावर फोडलं.

नळी घेऊन खाली उतरलो. सावकार काठी टेकत मागच्या दारापर्यंत आला होता. काय सापडलं, म्हणाला. मी म्हटलं, देवासमोर सांगीन.

तेवढ्यात येसूअक्काने माझ्या हातातून नळी घेतली. तिचं टोक उजेडात धरून बघितलं, बोट फिरवलं, आणि मी काही म्हणायच्या आत चुलीत घातली. वाळका बांबू, क्षणात पेटला. मी ओरडलो. ती म्हणाली, "गुणा, ते भोक बुजव आणि घरी जा. हितं कायबी सापडलं न्हाई."

नवऱ्याला वाचवायला बाई पुरावा जाळते. आणि मी तिची सोलं घरी नेली होती. भोक बुजवलं नाही, वर नुसतं प्लास्टिक टाकून निघून आलो.

१३ सप्टेंबर

गणपती बुधवंताकडे गेलो. बुधवंत म्हणजे आमच्या वाड्यांचा मुख्य, वादात शेवटचा शब्द त्याचा. मी म्हटलं, पुरावा जळला, आता नारळ ठेवा.

आमच्याकडे हे अजून चालतं. देवासमोर नारळ ठेवायचा, ज्याचं म्हणणं खरं त्याने ते मोठ्याने बोलून नारळ उचलायचा. खोटं बोलून उचलायची कुणाची छाती होत नाही. घरादाराला लागतं ते. बा नारळ उचलून म्हणेल की मी सरळ हाताने काम केलं. मग सावकाराला बाजारात यावंच लागेल. कोर्टाचं काम नाही की वकिलाचं नाही.

बुधवंताने विचारलं, लखूला विचारलंस काय? मी म्हटलं, त्यात काय विचारायचं, त्याच्याच इज्जतीसाठी आहे. तो म्हणाला, पितृपक्ष संपू दे, घट बसले की बघू. सावकाराकडे निरोप गेला. तो येतो म्हणाला. वाटलं होतं तब्येतीचं कारण सांगेल.

१५ सप्टेंबर

नवमी. आईचं पान वाढलं. सकाळी प्रज्योत जीपमधून केळीची पानं, अळू आणि हिरव्या बांगड्या देऊन गेला. आमच्या आईने सांगितलंय, लखूदादाच्या घरी पोचव, म्हणाला. गावात म्हाळ दहा घरी असतात, आमच्याच घरी का? लाच असेल. मी परत पाठवणार होतो, पण बाने बांगड्या उचलून आईच्या पानाशी ठेवल्या.

नंतर त्याला नारळाचं सांगितलं. त्याने पानाशेजारच्या बांगड्या सारख्या केल्या. मग म्हणाला, माझ्या नावानं कशाला ठेवलास? मी म्हटलं, तुझं नाव धुवायला. तो उठून बाहेर गेला.

१९ सप्टेंबर

बा दोन घास खातो आणि उठतो. टोपलीला हात लावलेला नाही. नेत्रा म्हणते, नारळ रद्द करा, त्यांना त्रास होतोय. मी म्हटलं, इतक्या वर्षांचा त्रास एका दिवसात जायचाय, थोडं होणारच. ती म्हणाली, तुम्हाला नक्की कुणासाठी करायचंय हे? बासाठीच. आणि थोडं मलाही बघायचंय.

२४ सप्टेंबर

लिहितो. कसं लिहायचं ते कळत नाही, जसं झालं तसं लिहितो.

सकाळी देवळासमोर चाळीसेक माणसं जमली. सावकार जीपमधून आला, प्रज्योतने दंड धरून उतरवला. येसूअक्काही आली होती. मी आदल्या दिवशी दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता. बुधवंताने नारळ ठेवला आणि म्हणाला, लखू, तुझं म्हणणं सांग आणि उचल.

बा उठला. नारळापर्यंत गेला, वाकला. मला वाटलं उचललाच. तो तसाच वाकून राहिला आणि मग सरळ झाला.

"मी उचलत न्हाई," तो म्हणाला. "ती नळी मीच घातली."

मी हसलो असेन, कारण शेजारी उभा असलेला माणूस माझ्याकडे बघायला लागला. बा माझ्याकडे न बघता बोलत होता. म्हणाला, गुणाच्या आईला फुरसं चावलं त्या दिवशी मी ह्यांच्याच छपरावर होतो. दुपारी सांगावा आला. मला संध्याकाळी कळला, शेवटचं कौल बसल्यावर. तोवर जोयड्याच्या दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली होती. भिंतीचा सांधा तेवढा राहिला होता. दिवसकार्य झाल्यावर मी परत गेलो, आपल्या पायाने गेलो, आणि सांध्यात नळी घातली.

त्या वर्षी आई गेली, त्याच वर्षी ते छप्पर झालं. ही दोन वाक्यं मी ह्या वहीत पहिल्याच दिवशी शेजारी शेजारी लिहिली आहेत, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

सावकाराने बसल्या जागेवरून काठीवर हनुवटी टेकवली आणि म्हणाला, "व्हय. सांगावा आला हुता. आभाळ भरलं हुतं, छप्पर उघडं हुतं. म्हटलं, चार कौलं राहिल्यात, मग सांगू."

बा म्हणाला, "चार न्हाई. अर्धं छप्पर."

"अर्धं," सावकार म्हणाला.

मग त्याने सांगितलं की बाजारात तो रागाने बोलला. पुढच्या वर्षी कौलं काढून पुन्हा बसवली तरी तिथेच गळलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की लखूचा हात असा चुकायचा नाही. तेव्हापासून त्याने कुणाला भिंत उघडू दिली नाही. गळू दे म्हटलं. पोरगा आता त्याचं ऐकत नाही, म्हणून ती उघडली. एवढं कळल्यावर बाजारातला शब्द मागे का घेतला नाही, असं बुधवंताने विचारलं. तो काठीच्या टोकाने जमीन उकरत राहिला.

बा तिकडून वळला आणि येसूअक्कासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "अक्का, गळलं ते तुझ्या चुलीवर."

"चूल माझीच हुती, दादा," ती म्हणाली. "ह्यो तर पडवीत निजतोय. तू सूड घेतलास, ह्यानं भोगलं म्हणं, आनि पातेलं मी सरकवलं."

तिचा आवाज चढला नाही. दोन्ही म्हाताऱ्यांच्या माना खाली, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारख्या. बुधवंताने नारळ उचलून देवळात ठेवला. कुणाचाच नव्हता तो.

घरी येताना मी बाच्या चार पावलं मागून चाललो. लाज वाटत होती, त्याची नव्हे, माझी. आणि लाजेच्या खाली राग होता तो वेगळाच. आतापर्यंत मी बापाच्या कामासाठी सावकारावर दात खात होतो. आता आईसाठी खातोय. ते भोक अजून उघडं आहे. मी गेलोच नाही तर? दसऱ्याला पाऊस हमखास असतो. ह्या वेळी कुणी मला चूक म्हणणार नाही.

२५ सप्टेंबर

सकाळी येसूअक्काचा फोन आला नेत्राच्या मोबाइलवर. गुणाला दे म्हणाली. दसऱ्याआधी माझी चूल कोरडी करून दे, एवढंच बोलली. सावकाराचं नाव घेतलं नाही, पाहुण्यांचंही नाही. मी हो म्हटलं. तिला नाही म्हणता येईना.

बा ऐकत होता. त्याने कोनाड्यातून जुनी थापी काढली. तिचा दांडा किडलाय. मी माझी नवी पुढे केली, त्याने ती घेतली नाही.

२७ सप्टेंबर

आज सांधा केला. मी भिंतीत सरळ खाच मारली, पत्र्याची एक कड खाचेत बसवली, दुसरी काळ्या पाट्यांवर दुमडून सोडली. म्हणजे भिंतीवरून येणारं पाणी पत्र्यावरून थेट छपरावर जाईल. खाच चुन्याने भरायचं आणि ते भोक बुजवायचं काम बाने मागून घेतलं. इतक्या वर्षांनी शिडीवर चढला. पाय ओळखीच्या पायरीवर पडावेत तसे पडत होते.

शिडी कुणी धरायची? मी पुढे झालो तर येसूअक्का म्हणाली, तू पत्रा बघ. मग ती सावकाराकडे वळली आणि म्हणाली, उठा. तो उठला. काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिला. हात इतके हलत होते की शिडीपेक्षा तोच पडेल असं वाटत होतं. मी छपरावरून त्याच्या टकलाकडे बघत होतो. माझ्या हातात पत्रा कापायची कात्री होती, जड. काय काय मनात आलं ते कागदावरही काढत नाही.

मी माफ केलेलं नाही. बाने केलंय की नाही ते त्याने सांगितलेलं नाही. तो चिऱ्यात दगडाच्या चिपा बसवत होता, चुना दाबत होता, वर बघत नव्हता आणि खालीही बघत नव्हता.

दुपारी सावकाराच्या घरातला फोन वाजला. तिकडे मोबाइलला रेंज नाही. प्रज्योत दारात येऊन म्हणाला, गुंदहून फोन आहे. पुढचं त्याला बोलू न देता सावकाराने मान वर केली आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "लखू, तुझ्या घरनं सांगावा आलाय." सुपारीच्या बागेत काम करणारी माणसं वळून बघायला लागली. "लखू, आत्ताच आलाय. खाली ये."

प्रज्योत गोंधळून म्हणाला, काही नाही हो, जेवायला कधी येणार ते विचारतायत.

बाच्या थापीवर चुना होता. भोक अर्धं बुजलं होतं आणि अशा वेळी हात थांबवला तर चुना वाळतो, हे त्याच्याहून कुणाला जास्त ठाऊक? त्याने थापी चिऱ्यावर ठेवली आणि एकेक पायरी उतरला. सावकार शिडी सोडत नव्हता. दोघे समोरासमोर आले. बाने धोतराला हात पुसले, फोनवर जाऊन नेत्राला म्हणाला, आलो. आणि काम अर्धं टाकून बा घरी जेवायला निघून गेला.

रिकामी शिडी धरून सावकार तसाच उभा होता, येसूअक्काने हात सोडवेपर्यंत.

उरलेलं भोक मी बुजवलं. येसूअक्काला पुन्हा चुलीशी उभं केलं, घागरभर पाणी भिंतीवर ओतलं, मग आणखी एक. आतून आवाज आला नाही.